कोणाशी बोलत नाहीस सध्या?

आमच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर पंचांचा बॅनर लागलाय. चांगला माणसाएवढा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'सर्वांचे लाडके, मनमिळाऊ, सदा हसतमुख अशा आमच्या पंचांच्या स्मरणार्थ समर कार्निव्हल.' मेळा होऊन आठवडा झाला तरी कोणी तो काढलेला नाही. भाजीला जाता-येता मी तो वाचते आणि रोज नव्याने माझं डोकं फिरतं.

एक तर पंच सर्वांचे लाडके कधीच नव्हते. त्यांचं ज्याच्याशी एकदा तरी वाजलं नाही असा माणूस आमच्या कॉलनीत शोधून सापडला नसता. मनमिळाऊ म्हणाल तर ते लग्नाच्या आहेरात लोकांना कुलपं द्यायचे, आणि का दिलं विचारलं की सांगायचे, नवराबायको भांडल्यावर घराबाहेर जाऊन कुलूप लावा, आतून नको. हसतमुख तर सोडूनच द्या. तो फोटो मी काढलेला आहे, मला माहीत आहे. त्या वेळी ते भर उन्हात डोळे बारीक करून कुल्फीवाल्याशी भांडत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. आणि हे दूध काढणारे कोण? ज्या कमिटीने त्या फाटकाला कुलूप लावलं, तीच कमिटी.

म्हणून खरे पंच कसे होते ते कुणीतरी सांगायला हवं. बॅनरवाल्यांना ते जमणार नाही.

मुलुंडला आमची कॉलनी होती. तीन मजल्यांच्या चार बिल्डिंगा, मधे मैदान, मैदानाच्या एका टोकाला जांभूळ आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. मे महिन्यात अर्धी कॉलनी गावाला जायची. ज्यांना गाव नव्हतं, किंवा गाव होतं पण रजा नव्हती, असे लोक मागे राहायचे. त्यांच्यासाठी एक शनिवार-रविवार उन्हाळी मेळा व्हायचा. शनिवारी शर्यती, रविवारी दुपारी मैदानात एकत्र जेवण आणि ऊन उतरल्यावर रस्सीखेच. हा मेळा पंच चालवायचे. पंच म्हणजे अंपायर. खरं नाव सोसायटीच्या पाटीवर होतं, पण त्यांच्या बायकोसुद्धा त्यांना पंचच म्हणायच्या.

फोर्टात जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका पेढीत ते नोकरीला होते. तिथून त्यांनी काथ्याचा एक जाडजूड दोर आणला होता. मनगटाएवढा जाड आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढा लांब. वर्षभर तो त्यांच्या पलंगाखाली वेटोळं घालून पडलेला असायचा. बायको म्हणायच्या, घरात धान्याची कोठी ठेवायला जागा नाही आणि हा अजगर पाळलाय.

मेळ्यातले सगळे खेळ पंच आपल्या मर्जीने चालवायचे. त्यांना लाउडस्पीकरचा तिटकारा होता, म्हणून संगीत खुर्चीला संगीत नसायचं. ते स्वतः परात बडवायचे, आणि जो जास्त शेखी मिरवत असेल तो खुर्चीपासून लांब गेला की बरोबर थांबायचे. लिंबू-चमच्यात कुणी पहिला आल्यावर नाचला की त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचे. तक्रार केली की म्हणायचे, पंचाचा निर्णय अखेरचा, आणि पंच आज तुझ्यावर चिडलाय. एन्जॉय हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कुणी विचारलं, काय पंच, मस्त एन्जॉय झालं ना, की ते त्याच्या शर्टाची पाठ बघायचे आणि म्हणायचे, घाम कुठाय तुझा?

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. संध्याकाळी ते मैदानाच्या फाटकात स्टूल टाकून बसायचे. ऑफिसातून येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो, पुरुष असो, त्यांच्याहून वयाने मोठा असो, ते एकच प्रश्न विचारायचे. बरं आहे ना, जेवलास का, असलं काही नाही. ते विचारायचे, "कोणाशी बोलत नाहीस सध्या?"

दमून आलेल्या माणसाला हा प्रश्न कसा लागत असेल विचार करा. माझे वडील तर त्यांना टाळायला मागच्या बिल्डिंगच्या गल्लीतून यायचे. पण गंमत अशी की लोक उत्तर द्यायचे. खालच्या न्हाणीत वरचं पाणी गळतं, वाळत घातलेल्या कुरडयांवर कुणीतरी केर झाडला, गणपतीच्या वर्गणीवरून कोण काय बोललं, सगळं पंचांच्या कानावर आपोआप जायचं. ते ऐकून घ्यायचे, हं म्हणायचे आणि पुढच्याला पकडायचे. सल्ला नाही, समजूत नाही. ही माहिती मे महिन्यापर्यंत त्यांच्या डोक्यात मुरत राहायची.

कारण रस्सीखेचीच्या दोन बाजू तेच ठरवायचे. ही बिल्डिंग विरुद्ध ती बिल्डिंग असं त्यांनी कधी होऊ दिलं नाही. सगळे जमले की ते स्टुलावर उभे राहायचे आणि ऐन वेळी एखादी अट काढायचे. आज ज्यांच्या घरी कैरीचं पन्हं झालं ते जांभळाकडे, बाकीचे टाकीकडे. किंवा, ज्यांच्या पायात या घडीला पट्ट्याची चप्पल आहे ते इकडे, अंगठेवाले तिकडे. आणि जे दोघं वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते हमखास एका बाजूला, एकामागे एक यायचे. पन्हं कुणाकडे झालंय ते पंचांनी सकाळीच वास काढून ठेवलेलं असायचं. सगळ्यांना हे कळत होतं. तरी दोर हातात आला की ओढावाच लागतो, आणि ओढताना पुढच्याच्या पाठीवर डोकं टेकतं. शेवटी एक बाजू पडतेच. पंच म्हणायचे, "एकत्र पडलेल्या माणसांना उठताना हात द्यावा लागतो." हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. यापुढे ते कधी गेले नाहीत.

त्यांच्या बायको एकदा भर मैदानात म्हणाल्या होत्या, जगाला विचारत फिरतात, घरात माझ्याशी होळीपासून बोललेले नाहीत. पंचांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्या वर्षी चष्मेवाल्यांना एका बाजूला घेतलं. मग स्वतःचा चष्मा आठवून गुपचूप बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले.

आता माझ्या काकूची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. मी तेव्हा शाळेत होते. रविवारच्या जेवणाचं काम दर वर्षी एकेका बिल्डिंगकडे असायचं. त्या वर्षी ते तीन नंबरकडे आलं, आणि तीन नंबरला सगळ्या स्वयंपाकाची सूत्रं कांबळेमावशींकडे होती. मावशी अकोल्याच्या, टेलिफोनमध्ये नोकरीला, आणि त्यांच्या मसाल्याच्या वांग्यांचा वास चारही बिल्डिंगांत शिरायचा. रविवारी सकाळी काकूने जाहीर केलं की तिचा आज उपास आहे. कसला उपास, ते कुठल्याच कॅलेंडरवर नव्हतं. सकाळी तिला मी पोह्यांची ताटली धुताना बघितलं होतं. कांबळ्यांच्या हातचं खायचं नव्हतं, एवढाच त्या उपासाचा अर्थ होता. तो सगळ्यांना कळला आणि सगळे गप्प बसले, माझ्या आईवडिलांसकट. लहान होते तरी मला त्याची लाज वाटली होती, आणि आज आठवलं तरी संताप होतो.

संध्याकाळी पंच स्टुलावर चढले. दोर मैदानात पसरलेला होता. ते म्हणाले, "आज ज्यांचा उपास आहे ते जांभळाकडे. जे जेवले ते टाकीकडे."

सगळी कॉलनी टाकीकडे गेली. जांभळाखाली काकू एकटी उरली. पंच स्टुलावरून उतरले, दोराचं टोक उचलून त्यांनी तिच्या हातात दिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, पाय घट्ट रोव. काकूचा चेहरा लालबुंद झाला होता. दोर टाकून घरी जावं तर सगळ्यांदेखत उपास खोटा ठरतो, आणि धरून उभं राहावं तर समोर शंभर माणसं. माझे वडील पुढे होऊन म्हणाले की पंच, हे अती होतंय, बाईमाणसाचा असा तमाशा करू नका. पंच म्हणाले, तमाशा दुपारी झाला, तेव्हा तू कुठे होतास?

तेवढ्यात टाकीकडच्या गर्दीतून कांबळेमावशी बाहेर आल्या. पदर खोचून चालत चालत त्या जांभळाखाली गेल्या आणि काकूच्या मागे उभं राहून त्यांनी दोर धरला.

"सकाळपासून चुलीपाशी आहे," त्या म्हणाल्या. "वाढता वाढता माझं जेवायचं राहूनच गेलं. म्हणजे माझाही उपासच की."

पंचांनी शिट्टी वाजवली. पुढचं काय ते सांगायला नको. दोघी खेचल्या गेल्या आणि धुळीत एकमेकींच्या अंगावर पडल्या. मावशींनी आधी उठून हात दिला. काकूने तो धरला की नाही यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद चालू होता. काकू म्हणायची, नाही धरला. मी म्हणते, धरला. पण पुढच्या मेळ्यात तिचा उपास नव्हता, हे नक्की. पंचांना मात्र तिने माफ केलं नाही. ते फाटकात बसलेले दिसले की ती पदर कपाळावर ओढून जायची, आणि ते तिला प्रश्न विचारायचे नाहीत. उत्तर त्यांना माहीत होतं.

मग रीडेव्हलपमेंट आलं. चारही बिल्डिंगा पाडल्या. जुन्या लोकांसाठी मागच्या बाजूला एक बारकी उंच बिल्डिंग झाली आणि पुढे विकायच्या फ्लॅटांचा टॉवर. मैदान टॉवरच्या वाट्याला गेलं. जांभळाचं झाड गेलं, टाकी गेली, सगळीकडे प्लास्टिकचं हिरवं गवत आलं. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय टेकवून बघा. मधे भिंत घातली आणि भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक ठेवलं. काकूचा मुलगा सुहास, माझा चुलतभाऊ, याने चांगल्या पगारावर टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. काकू आमच्याच बिल्डिंगमध्ये राहिली. म्हणाली, लिफ्टमध्ये ओळखीचं तोंड दिसलं पाहिजे. फाटकातून दहा पावलांवर मुलगा होता, तेव्हा कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

मग टॉवरच्या कमिटीने फाटकाला कुलूप लावायचं ठरवलं. कारण काय, तर सिक्युरिटी. आणि त्या कमिटीचा सेक्रेटरी कोण, तर सुहास. ज्या मैदानात त्याचे दुधाचे दात पडले तिथे आम्ही जायचं म्हणजे मेन रोडला वळसा घालून, पुढच्या गेटवर नाव सांगून, कुणाकडे चाललोय ते सांगून. ऐंशी ओलांडलेली काकू काठी टेकत, रिक्षा चुकवत, डबा घेऊन मुलाकडे जायची आणि वॉचमन तिला विचारायचा, कोण पाहिजे आजी? मी सुहासला फोन करून वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, तू इमोशनल होतेयस यार, हा मेजॉरिटीचा डिसिजन आहे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

त्या वर्षी मेळ्याचं समर कार्निव्हल झालं. डीजे आला, प्लास्टिकच्या आंब्याच्या झाडाखाली सेल्फी पॉइंट आला, जेवणाऐवजी स्टॉल आले. मनगटावर बांधायला कागदी पट्टे होते. टॉवरवाल्यांना निळे, आणि आम्हाला पांढरे, त्यावर पाहुणे असं लिहिलेलं. आपल्याच मैदानात आम्ही पाहुणे. मी तो पट्टा बांधला नाही, पंचांनीही बांधला नाही. कांबळेमावशींनी बांधला, कारण त्यांना आतली गर्दी बघायची होती. येऊन म्हणाल्या, गर्दी भरपूर आहे, माणसं नाहीत.

रविवारी संध्याकाळी रस्सीखेच होती. टॉवर विरुद्ध जुनी बिल्डिंग, दोन रंगांचे टी-शर्ट. सुहासने पंचांना दोर मागितला. पंच तेव्हा फार थकले होते, लिफ्टपासून फाटकापर्यंत येताना दोनदा बसायचे. तरी ते दोघा पोरांच्या खांद्यावर दोर देऊन आले आणि फाटकापाशी उभे राहिले. म्हणाले, हा दोर लांब आहे, तुमच्या गवतावर मावायचा नाही, फाटक उघडा. कुलूप निघालं. त्यांनी दोर फाटकातून असा पसरला की मधली लाल चिंधी बरोबर उंबऱ्यावर आली. पलीकडे टॉवरवाले, अलीकडे आम्ही. मग त्यांनी डीजे बंद करायला लावला आणि अट सांगितली.

"ज्यांनी या फाटकाला कुलूप लावायला हात वर केला, ते सगळे अलीकडे या. ज्यांना कुलूप नको, ते पलीकडे जा."

आम्ही सगळे उंबरा ओलांडून पलीकडे गेलो. मावशी गेल्या, मी गेले, काकूही काठी टेकत गेली. अलीकडे मात्र कोणीच आलं नाही. हात वर करणारे सगळे तिथेच होते आणि फोनमध्ये बघत होते. जे मीटिंगमध्ये एवढे धीट, त्यांना दहा पावलं चालून आपलं मत सांगायची हिंमत झाली नाही. दोराचं अलीकडचं टोक मोकळं पडून राहिलं. पंचांनी शिट्टी तोंडात धरली. सुहास हसला आणि म्हणाला, काका, शेड्यूल लेट होतंय. त्याने खूण केली तसा बिचाऱ्या वॉचमनने दोर गुंडाळून आमच्या बाजूला भिंतीपाशी ठेवला, आम्हाला हात जोडून परत पाठवलं आणि कुलूप घातलं. शिट्टी पंचांच्या तोंडातच होती, ती वाजलीच नाही.

त्यानंतर पंच बिल्डिंगच्या दारात बसायचे, पण कोणाला प्रश्न विचारायचे नाहीत. मीच एकदा जवळ जाऊन सांगितलं की पंच, मी सुहासशी बोलत नाही. ते हं म्हणाले. दिवाळीआधी ते गेले. त्यांच्या बायको मुलीकडे भांडुपला राहायला गेल्या. जाताना सामान आवरत होत्या तेव्हा काकू त्यांच्याकडे गेली आणि दोर मागून घेतला. ज्या माणसाला तिने जन्मभर माफ केलं नाही त्याचा दोर तिला कशाला हवा, मला कळेना. विचारलं तर म्हणाली, तो मी एकटीने धरलाय, तुम्ही कुणी धरलेला नाही.

आणि मग या मे महिन्यात तो बॅनर लागला. कार्निव्हलच्या शनिवारी सुहास मेन रोडने वळसा घालून आईकडे आला. टॉवरच्या लॉबीत काचेचं कपाट केलंय, त्यात पंचांचा दोर ठेवायचाय, असं म्हणाला. हेरिटेज म्हणून. मी तिथेच काकूच्या खिडकीत वाल सोलत बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी त्याच्याशी बोलत नसल्यामुळे काही बोलता येईना. काकू शांतपणे म्हणाली, ने की. पण दोर जड आहे, रस्त्याने वळसा घालून मी तो नेऊ देणार नाही. उद्या संध्याकाळी फाटक उघड आणि तिथून ने.

रविवारी फाटक उघडलं. दोघा वॉचमननी दोर ओढायला सुरुवात केली. अर्धा दोर पलीकडे गेला आणि लाल चिंधी उंबऱ्यावर आली, तशी काकूने तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकायला लावली आणि ती चिंधीवर पाय देऊन बसली. दोन्हीकडचे लोक बघायला जमले. कुणीतरी डीजे बंद केला. सुहास घाईघाईने आला आणि हळू आवाजात म्हणाला की आई, लोक बघतायत.

काकूने मान वर केली. "कोणाशी बोलत नाहीस सध्या?" तिने विचारलं.

मला वाटलं, आता तो हसेल आणि शेड्यूल म्हणेल. त्याने आईच्या पायाखालच्या चिंधीकडे बघितलं. मग त्याने माझ्याकडे बोट केलं.

"मग दोघं एका टोकाला," काकू म्हणाली आणि खुर्ची बाजूला घेऊन तिने चिंधी मोकळी केली.

कांबळेमावशींनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवली. ही विद्या त्यांना येते हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सुहासने दोर धरला आणि मी त्याच्या मागे धरला. काथ्या तळहाताला चावत होता. मी जीव खाऊन ओढत होते, आणि सगळं काकूसाठी, पंचांसाठी, त्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी रागाने ओढत होते. समोर टॉवरचे आणि आमचे, कोण कोण होते ते बघायला वेळ नव्हता. आम्ही पडलो. सुहास आधी उठला आणि त्याने हात पुढे केला. मी धरला. माझा गुडघा दुखत होता, म्हणून धरला.

त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही. पंचांनी जन्मभर केलं ते एवढंच, आणि हे लोक त्यांना मनमिळाऊ म्हणून भिंतीवर टांगतात, याचाही राग आहे. काचेचं कपाट रिकामं आहे. दोर अजून फाटकात आडवा पडलाय, त्यामुळे फाटक लागत नाही. वॉचमन विचारायला आला तर काकूने सांगितलं, मला वाकवत नाही, ज्याला लाज वाटत नसेल त्याने उचलावा. आठवडा झाला. सुहास रोज संध्याकाळी त्यावरून पाय टाकून आईकडे चहाला येतो, आणि दोराला हात लावत नाही.